चारचौघांत मांडलेला अंदाज

लग्नकार्य निघाले की घरात पहिला वाद पडतो तो पानांच्या संख्येवरून. आमंत्रणे तीनशे माणसांना गेलेली असतात. पण जेवणाची पाने किती धरायची? यजमान म्हणतात तीनशे. आत्याबाई म्हणतात, आपल्याकडची माणसे बोलावल्यापेक्षा जास्तच येतात, साडेतीनशे धरा. आणि ज्याने अशी शेकडो कार्ये उरकलेली असतात तो आचारी गालातल्या गालात हसून अडीचशेंवर येतो. वरवर पाहता हा तीन आकड्यांचा तंटा. पण प्रत्येक आकड्यामागे काही गृहीते दडलेली असतात. त्याच मुहूर्तावर गावात आणखी दोन कार्ये आहेत, मुलांच्या परीक्षा चालू आहेत, परगावची मंडळी आदल्या रात्रीच येऊन ठेपणार आहेत, अशा गोष्टी ज्याने त्याने मनाशी जमेस धरलेल्या असतात. ज्या घरात ही गृहीते मोकळेपणी बोलली जातात तेथेही अंदाज चुकतो. पण बेताने चुकतो, आणि कोठे चुकला हे दुसऱ्या दिवशी सांगता येते. ज्या घरात यजमान आपला आकडा मनाशीच ठेवतात, तेथे शेवटच्या पंगतीला काय होते ते आम्ही सांगावयास नको.

या महिन्यात वाचकांपुढे ठेवावयाचा विषय हाच आहे. फक्त पंगत जरा मोठी आहे.

गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून ‘मॉडेल’ हा शब्द वारंवार कानांवर येऊ लागला आहे. पावसाचे मॉडेल, पुराचे मॉडेल, साथीचे मॉडेल. आपल्या शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘प्रतिमान’ म्हणतात, आणि ते संगणकावर चालवून पाहण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘सिम्युलेशन’ असे नाव आहे. आम्हांला विचाराल तर या क्रियेसाठी आपल्या घरांत फार जुना शब्द आहे, तो म्हणजे भातुकली. इवलीशी चूल, इवलीशी बोळकी, दाणे आणि गूळ यांचा स्वयंपाक. पण नियम सारे मोठ्यांच्या संसाराचे. संगणकावरची भातुकली अशीच असते. तिच्यात लाखो बाहुल्या असतात. प्रत्येकीला वय असते, घर असते, शाळा किंवा कामाची जागा असते. कोण कोणाला भेटले आणि त्या भेटीत रोग लागला की नाही, हे ठरविण्यासाठी संगणक घडोघडी फासे टाकतो. हा खेळ शेकडो वेळा खेळून पाहायचा, आणि बहुतेक वेळा काय घडले ते सांगायचे, असे त्याचे स्वरूप.

खेळ म्हणून हे सुरेख आहे. परंतु या भातुकलीवरून खऱ्या संसाराचे निर्णय घेतले जातात. शाळा केव्हा उघडाव्या, रुग्णालयांत खाटा किती मांडाव्या, गाड्या केव्हा सुरू कराव्या, हे ठरविताना राज्यकर्त्यांसमोर असेच आलेख ठेवलेले असतात. तेव्हा प्रश्न उभा राहतो की, या बाहुल्यांचे नियम बरोबर आहेत हे पाहणारे कोण? उत्तर असे की, त्याच विद्येची इतर माणसे. एकाने मांडायचे, दुसऱ्याने तपासायचे, तिसऱ्याने शंका काढायची, चौथ्याने ते गणित पुन्हा करून पाहायचे. ही चारचौघांची बैठक जेथे भरते तेथे प्रतिमानाला किंमत येते. जेथे ती भरत नाही तेथे उरतो तो केवळ रंगीत आलेख. साथीच्या रोगांचे उदाहरण घेऊन ही गोष्ट आम्ही सांगू इच्छितो. कारण या विद्येची पहिली पावले आपल्याच परिचयाच्या गावांतून पडली आहेत.

पहिले पाऊल सिकंदराबादचे. हैदराबादेतील आमच्या वाचकांना बेगमपेठेतील सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची इमारत ठाऊक असेल. लष्करी वैद्यकीय सेवेतील या अधिकाऱ्याला २० ऑगस्ट १८९७ रोजी, हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठरात त्या रोगाचे जंतू वाढताना दिसले. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून, डासाच्या चाव्यातून हिवताप कसा पसरतो हे त्याने सिद्ध केले. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. इतके आपल्या शालेय पुस्तकांत असते. पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

डास मारा म्हणजे हिवताप जाईल, असे रॉस सांगू लागला, तेव्हा लोकांनी त्याला रोकडा सवाल केला. डास का कधी सगळे मरतात? दहा डबकी बुजवली तरी अकरावे राहणारच, मग या खटाटोपाचा उपयोग काय? प्रश्न शहाण्या माणसाचा होता. रॉसने त्याचे उत्तर गणिताने दिले. १९०८ च्या मॉरिशस बेटावरील अहवालात आणि नंतरच्या ग्रंथात त्याने हिशेब मांडला तो साधारण असा. एका रोग्यापासून दुसरा रोगी व्हावयाचा तर योग्य जातीचा डास त्याला चावला पाहिजे. तो डास जंतू पिकेपर्यंत जगला पाहिजे. आणि मग तो एखाद्या निरोगी माणसाला चावला पाहिजे. या साखळीतील प्रत्येक कडी कच्ची आहे. म्हणून माणशी डासांची संख्या एका ठराविक मर्यादेखाली आली, की जुन्या एका रोग्यामागे नवा एकही पुरा रोगी तयार होत नाही आणि रोग आपोआप ओसरत जातो. सगळे डास मारण्याची गरज नाही. मर्यादेखाली आणले की पुरे.

येथे प्रतिमानाचा खरा उपयोग दिसतो. भविष्य सांगणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. ‘असे असे धरले तर काय होईल’ हे ते सांगते, आणि त्यामुळे वाद घालणाऱ्यांना एकाच फळ्यासमोर उभे राहून वाद घालता येतो. तुम्हांला रॉसचे म्हणणे पटत नसेल तर कोणती कडी त्याने चुकीची धरली तेवढे दाखवा, असे म्हणता येते.

दुसरे पाऊल मुंबईचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिक संनिपाताचे, म्हणजे प्लेगचे, पहिले रोगी ओळखले ते गोव्यातील हडफडे गावच्या डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगश यांनी. पुढे काय झाले ते आपल्या घराण्यांच्या आठवणींत कोरलेले आहे. पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. आमच्या पणज्यांच्या तोंडी ‘प्लेगाच्या साली’ हा कालनिर्देश सहज येई. घरे सोडून शेतांत झोपड्या बांधून राहिल्याच्या कथा बेळगावापासून बडोद्यापर्यंत ऐकावयास मिळतात. मुंबईत तर ही साथ एकदा येऊन थांबली नाही. हंगाम आला की ती वर्षानुवर्षे परतत राहिली. मृत्यूंची नोंद आठवड्याआठवड्याला होत गेली, आणि वह्यांत त्या आकड्यांच्या रांगा लागल्या.

त्या आकड्यांतील एक रांग वीस वर्षांनी स्कॉटलंडातील एडिंबरो येथे दोन माणसांच्या हाती आली. एक अँडरसन मॅकेंड्रिक. हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत होते आणि त्यांनी कसौलीच्या पाश्चर संस्थेचे काम पाहिले होते. गणिताची गोडी त्यांना रॉसच्या सहवासात लागली. दुसरे विल्यम कर्मॅक. हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात दाहक द्रव्य उडून त्यांची दृष्टी कायमची गेली, तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते. त्यानंतरची समीकरणे त्यांनी मनातल्या मनात सोडविली. या दोघांनी १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. आज जगातील साथींचे जवळजवळ प्रत्येक प्रतिमान त्या निबंधाच्या वंशातले आहे.

त्यांची भातुकली अगदी साधी होती. सर्व माणसे तीन खोल्यांत वाटायची. पहिल्या खोलीत रोग लागू शकेल अशी, दुसरीत आजारी, तिसरीत बरी झालेली अथवा मरण पावलेली. पहिल्या खोलीतून दुसरीत किती जातील हे आजारी आणि निरोगी यांच्या गाठीभेटींवर अवलंबून. दुसरीतून तिसरीत जाण्याचा वेग ठराविक. एवढ्या नियमांवर चालविली असता साथ आधी हळूहळू, मग झपाट्याने वाढते, शिखर गाठते आणि ओसरते.

या गणिताने एक जुना प्रश्न सोडविला. साथ थांबते ती का? लोक समजत की जंतूंचा जोर संपतो, किंवा लागण होण्याजोगे माणूसच उरत नाही. या दोघांनी दाखविले की यांपैकी काहीही घडण्याची आवश्यकता नाही. समजा, सारे गाव कच्चे असताना एका रोग्यापासून तिघांना रोग होतो. गावातील दोन तृतीयांश माणसे पक्की झाली, की त्या तीन गाठींपैकी दोन वाया जातात आणि एका रोग्यामागे एकच नवा रोगी होतो. त्यापुढे साथ उतरणीला लागते. गावात कच्ची माणसे अजून पुष्कळ असतात. पण ती विरळ झालेली असतात. रॉसच्या डासांची मर्यादा आणि ही मर्यादा यांचे गोत्र एकच. २०२० साली ‘आर’ नावाच्या ज्या आकड्याची घरोघरी चर्चा झाली, तो याच विचाराचा नातू.

आपला हिशेब वास्तवाशी जुळतो का हे पाहण्यासाठी त्यांनी मुंबईचे आकडे घेतले. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील प्लेगचे साप्ताहिक मृत्यू. शिखरावर ते आठवड्याला नऊशेच्या घरात होते. समीकरणातून निघालेली घंटेच्या आकाराची रेषा त्या ठिपक्यांवरून अशी काही सुबक गेली, की पुढे कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत ती आकृती छापली गेली. पाहा, गणित आणि वास्तव कसे जुळते!

पण जुळणे म्हणजे खरे असणे नव्हे. प्लेग माणसाकडून माणसाकडे असा सरळ जात नव्हता. तो उंदरांचा रोग. पिसवा तो माणसांपर्यंत आणीत. पिसवांची ही वाट पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत दाखविली होती. मुंबई तेव्हा सुमारे दहा लाख वस्तीची, आणि त्या हंगामातील मृत्यू नऊ हजारांच्या आसपास. मग लागण होण्याजोगी माणसे विरळ झाल्यामुळे साथ ओसरली, हे म्हणणे पटावे कसे? उन्हाळ्याची तलखी वाढली की पिसवांमार्फत होणारा प्रसार मंदावतो, ही गोष्ट अधिक जवळची. म्हणजे रेषा बरोबर, पण तिच्यामागची गोष्ट वेगळी.

आता या कथेतील आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. ही शंका प्रथम काढली ती कोणी प्रतिस्पर्ध्याने नव्हे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी त्याच निबंधात लिहून ठेवले होते, की माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची पडछाया आहे, ऋतूंचा परिणाम आम्ही धरलेला नाही, आमची गृहीते काटेकोरपणे खरी नाहीत, तेव्हा या रेषेवरून रोगाच्या प्रत्यक्ष वेगाविषयी निष्कर्ष काढू नयेत. पाठ्यपुस्तकांनी आकृती उचलली आणि ही ताकीद मागे राहिली. ती पुन्हा हाती घेतली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने. २०१२ साली त्याने मुंबईचे तेच आकडे, परंतु अनेक वर्षांचे, समोर मांडले. उंदीर, पिसवा आणि ऋतुचक्र यांना समीकरणांत जागा दिली. आणि एका हंगामाची सुबक रेषा वर्षानुवर्षे परतणाऱ्या साथीचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही हे दाखवून दिले. पंचाऐंशी वर्षांच्या अंतराने चाललेला हा संवाद आहे. एक बाजू केव्हाच मृत्यू पावलेली, तरी संवाद खंडित झाला नाही. कारण पहिल्या बाजूने आपली गृहीते लिहून ठेवली होती. ज्याने गृहीत लिहिले नाही त्याच्याशी पुढच्या पिढीला भांडताही येत नाही.

वाचकहो, आता आपण सर्वांनी जगलेल्या काळाकडे येऊ. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील शास्त्रज्ञांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. काहीच उपाय केले नाहीत तर कोविडने ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत सुमारे २२ लाख माणसे दगावतील, असा त्यात अंदाज होता. एक आठवड्याच्या आत ब्रिटनमध्ये लोकांना घरी बसण्याचे आदेश निघाले. त्या निर्णयामागे कारणे अनेक होती. पण या आकड्यांचे वजन मोठे होते हे सारेच मान्य करतात.

मग साहजिकच लोकांनी विचारले, हा आकडा निघाला कोठून? तो निघाला होता एका संगणकीय आज्ञावलीतून. ती इन्फ्लुएंझाच्या साथीसाठी कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेली, हजारो ओळींची. आणि तिच्यात काय कोठे आहे याचे टिपण जवळजवळ नव्हते. एखाद्या जुन्या वाड्यात कोणती किल्ली कोणत्या कुलुपाची हे केवळ आजोबांनाच ठाऊक असावे, तसा प्रकार. शास्त्रज्ञांनी आपली किल्ल्यांची जुडी आधी लपवून ठेवली होती असे नव्हे. घाईत ती कोणाला दाखविण्याजोगी नव्हती. एप्रिलच्या अखेरीस, बाहेरच्या संगणकतज्ज्ञांच्या मदतीने साफसूफ करून, ती आज्ञावली जगाला खुली करण्यात आली.

आणि मग बैठक बसली, ती अशी की पूर्वी कधी बसली नव्हती. जगभरच्या तज्ज्ञांनी ओळन् ओळ वाचावयास घेतली. काहींनी दाखविले की, फाशांचे दान तेच ठेवून खेळ दोनदा खेळला तरी काही परिस्थितींत उत्तरे निराळी येतात. काहींनी लिहिण्याच्या पद्धतीची टर उडविली, आणि हे सारेच कचऱ्यात टाका म्हणून गिल्ला केला. कित्येकांनी टीकेबरोबर दुरुस्त्याही पाठविल्या. जून २०२० मध्ये केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी ती आज्ञावली स्वतः चालवून पाहिली आणि मार्चच्या अहवालातील मुख्य निष्कर्ष पुन्हा मिळतात असा दाखला दिला. पण तेवढ्यावर बैठक उठली नाही. गणित पुन्हा केले असता तेच उत्तर येते, याचा अर्थ बेरीज बरोबर आहे इतकाच. मांडणी बरोबर आहे असा नव्हे. २०२१ साली दुसऱ्या एका गटाने आज्ञावलीतील नऊशेंहून अधिक गृहीत संख्या तपासल्या आणि सांगितले की त्यांतील मूठभर संख्यांवरच उत्तर झुलते. त्या थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी मृत्यूंचा अंदाज कितीतरी पटींनी हलतो. म्हणून एकच आकडा न सांगता, कोठपासून कोठपर्यंत ते सांगा, असा त्यांचा आग्रह.

या तीन पायऱ्या नीट ध्यानात ठेवाव्या. पहिली, गणित दाखवा. दुसरी, दुसऱ्याने केले तरी तेच उत्तर येते का पाहा. तिसरी, गृहीते थोडी हलविली तर उत्तर किती हलते ते सांगा. आपल्या शाळेतले गणिताचे मास्तर पहिल्या दोन पायऱ्या शिकवीत. नुसते उत्तर बरोबर असून भागत नसे, ‘रीत’ लिहावी लागे.

आपल्या देशातही ही बैठक भरली. २०२० च्या मार्चमध्ये निरनिराळ्या संस्थांतील शास्त्रज्ञांनी स्वेच्छेने एकत्र येऊन कोविडविषयक अभ्यासाचा एक गट उभारला. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांतील अभ्यासकांनी बंगळूर व मुंबई या शहरांची संगणकावर भातुकली मांडली आणि तिची आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली. मुंबईच्या भातुकलीत झोपडपट्टी आणि बाकीची वस्ती यांचे नियम निराळे धरावे लागले. लोकल गाड्यांतील गर्दीलाही जागा द्यावी लागली. लंडनचे प्रतिमान जसेच्या तसे उचलून येथे बसविता आले नसते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहतात आणि नळ सामाईक असतो, ही गोष्ट समीकरणात घालणारा माणूस त्या शहराला ओळखणाराच असावा लागतो. जुलै २०२० मधील रक्ततपासणीत मुंबईच्या पाहणी झालेल्या विभागांत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांत लागण होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. दोन वस्त्यांचे नियम निराळे धरण्याची निकड याहून स्पष्ट कशी दिसावी?

आणि आता जे लिहिणे भाग आहे ते लिहितो. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने आपल्या प्रतिमानाच्या आधारे जाहीर केले, की साथीचे शिखर सप्टेंबरमध्येच ओलांडले गेले असून, काळजी घेत राहिल्यास फेब्रुवारी २०२१ अखेर ती नगण्य होईल. फेब्रुवारीपर्यंत आकडे खरोखरच उतरत गेले. रेषा ठिपक्यांवरून सुबक चालली होती. लोकांना हायसे वाटले. लांबलेली लग्ने उरकली गेली, यात्रा भरल्या, सभा भरल्या. मग दुसरी लाट आली. मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात एका दिवसात चार लाखांहून अधिक नव्या रोग्यांची नोंद झाली, आणि प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी धावपळ झाली नाही असे गाव क्वचितच राहिले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरांतील एखादे पान त्या दोन महिन्यांत कायमचे उठले. त्यांच्यापुढे आकडेमोडीच्या गोष्टी करताना शब्द जपून वापरावे लागतात.

चूक कोठे होती? ‘काळजी घेत राहिल्यास’ हे एक गृहीत होते. रोगाचा विषाणू आहे तसाच राहील, हे दुसरे. आणि तो तसा राहिला नाही. पुढे ‘डेल्टा’ म्हणून ओळखला गेलेला नवा प्रकार अधिक वेगाने पसरणारा निघाला. उंदीर आणि ऋतू मुंबईच्या रेषेबाहेर राहिले होते, तसाच हा नवा विषाणू या रेषेबाहेर राहिला. ज्या गोष्टीला भातुकलीत बाहुलीच नाही, ती गोष्ट भातुकली कधीच दाखवीत नाही. यात कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या रेषेवर शंका घेणारे अभ्यासकही त्या वेळी देशात होते आणि त्यांनी त्या मांडल्याही. परंतु लोकांपर्यंत पोहोचला तो फेब्रुवारी हा महिना. त्याच्यामागची ‘जर’ आणि ‘तर’ वाटेत गळून पडली. १९२७ च्या निबंधातील ताकीद अशीच मागे राहिली होती. त्या वेळी हानी पाठ्यपुस्तकातील एका आकृतीपुरती होती. या वेळी ती माणसांची झाली.

म्हणून प्रतिमाने टाकून द्यावी काय? आमचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे आहे. प्रतिमान टाकले तरी अंदाज करणे सुटत नाही. उरतो तो ज्याचा आवाज मोठा त्याचा अंदाज, आणि त्याची गृहीते तर कोणालाच तपासता येत नाहीत. रॉसच्या काळी ‘डास का कधी सगळे मरतात’ असे म्हणणारा माणूसही मनातल्या मनात एक प्रतिमानच चालवीत होता; फक्त त्याने ते कागदावर उतरविले नव्हते. कागदावर उतरलेले चुकीचे गणित दुरुस्त होते, मनातले चुकीचे गणित वारसाहक्काने पुढे जाते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी साथीचा, पावसाचा किंवा पुराचा आलेख आपल्यापुढे धरील, तेव्हा समीकरणे न कळणाऱ्या गृहस्थाने अथवा गृहिणीनेही तीन प्रश्न अवश्य विचारावे. यात काय धरले आहे आणि काय धरलेले नाही? हे गणित दुसऱ्या कोणी तपासले आहे काय, आणि त्यांना ते तपासू दिले काय? आकडा एकच सांगता, तर कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती? या तीन प्रश्नांना जो न रागावता उत्तर देतो त्याच्या अंदाजावर, तो चुकण्याची शक्यता धरूनही, आम्ही विसंबू. जो म्हणतो, हे तुम्हांला कळायचे नाही, त्याचा आलेख कितीही सुबक असला तरी तो भिंतीवर टांगावा. त्यावर घर चालवू नये.

आणखी एक सांगणे आहे, ते थोरांना. आपल्या घरांतील मुले आणि मुली आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे आणि समुद्रापलीकडेही अशाच आज्ञावल्या लिहितात. रात्री उशिरापर्यंत, कधी न भेटलेल्या परदेशी माणसांशी ती एखाद्या ओळीवरून हुज्जत घालीत बसलेली दिसतात, आणि आपल्याला वाटते की हा वेळेचा अपव्यय आहे. पुष्कळदा तो तसा नसतो. एकाने मांडलेले दुसऱ्याने तपासावे या जुन्या कामाचाच तो आजचा प्रकार आहे. त्यांना जेवायला हाक जरूर मारावी; पण पाने वाढून होईपर्यंत, आज कोणाचे गृहीत चुकीचे निघाले, एवढे मात्र विचारावे. घरात कोणी तरी हे विचारते आहे, याची त्यांना सवय असलेली बरी.